मोजकेच नग!

‘नग’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. सोनाराच्या चिठ्ठीवर तो दागिना असतो, कापडवाल्याच्या पावतीवर तो नुसता आकडा असतो, आणि घरातल्या एखाद्या विक्षिप्त मामांविषयी ‘काय नग आहे!’ असे कुणी म्हणाले तर अर्थ पाहायला कोश उघडावा लागत नाही. गेली काही वर्षे दिवाळी जवळ आली की हाच शब्द आमच्या गावात रस्तोरस्ती टांगलेला दिसतो. नामवंत डिझायनरचे कपडे, खास आपल्यासाठी, आपल्या खिशाला परवडतील अशा भावात. आणि खाली कोपऱ्यात, ‘मोजकेच नग!’ शहराचे नाव २०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. तेव्हा नगरात आलेल्या या नगांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

प्रकार असा आहे. ज्याच्या एका घागऱ्याच्या किमतीत आमच्याकडे अख्खे लग्न उरकते, असा एखादा प्रसिद्ध डिझायनर आपले नाव थोड्या दिवसांपुरते एखाद्या स्वस्त कपड्यांच्या साखळी दुकानाला देतो. साखळी दुकान म्हणजे शंभर गावांत शंभर शाखा. सगळीकडे तेच दिवे, तेच गाणे आणि दारात तोच नमस्कार. तिथे एरवी सहाशे-सातशे रुपयांत कुडता मिळतो. त्या कुडत्यांच्या शेजारी मग एक निराळा स्टँड लागतो. त्यावरचे नाव मोठे असते, भाव त्या नावाच्या मानाने लहान असतो, आणि संख्या त्याहून लहान असते. पहिल्या दोन गोष्टी जाहिरातीत ठळक अक्षरांत सांगतात. तिसरी सांगत नाहीत.

याला ‘लिमिटेड एडिशन’ म्हणतात. मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेल्यामुळे मला भाषांतर केल्यावाचून राहवत नाही: मर्यादित आवृत्ती. आता मर्यादित आवृत्ती आम्हा मराठीच्या माणसांना काय नवी? कवितासंग्रह काढतानाच मुळी तीनशे-पाचशे प्रतींचा काढतात. पण त्या प्रतींसाठी पहाटे कुणी रांग लावल्याचे ऐकिवात नाही. उलट कवीच्या माळ्यावर त्यांचे गठ्ठे पुढच्या पिढीपर्यंत सुखरूप असतात. म्हणजे वस्तू थोडी आहे एवढ्याने गर्दी जमत नाही. ती थोडी आहे आणि शेजारणीला मिळणार आहे, हे दोन्ही कानांवर पडावे लागते.

ही युक्ती आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत हॉलस्टन नावाचा एक बडा वेशकार होता. त्याने १९८३ च्या सुमारास जे. सी. पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानासाठी कपडे केले, तर न्यूयॉर्कच्या एका श्रीमंती दुकानाने त्याचा माल ठेवणेच बंद केले. स्वस्त दुकानात बसलेला माणूस त्यांच्या पंक्तीला चालेना. वीस-एकवीस वर्षांनी वारे पार फिरले. नोव्हेंबर २००४ मध्ये एच अँड एम या स्वीडिश दुकानाने कार्ल लागरफेल्ड या पॅरिसच्या नामांकित डिझायनरचे कपडे विकायला ठेवले आणि काही शहरांत ते बघता बघता संपले. गंमत अशी की, यावर खुद्द लागरफेल्डच रागावला. आपल्याला सर्वांसाठी कपडे करायचे होते आणि दुकानाने ते फारच थोडे काढले, अशी त्याची जाहीर तक्रार होती. निदान त्याने तरी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले! पण दुकानांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतलाच. १३ सप्टेंबर २०११ रोजी टार्गेट या अमेरिकन दुकानाने मिसोनी या इटालियन घराण्याच्या नागमोडी पट्ट्यांचे कपडे काढले, तेव्हा गर्दीने त्यांचे संकेतस्थळच कोलमडले. त्याच दुकानात एप्रिल २०१५ मध्ये लिली पुलित्झर या नावाचे फुलाफुलांचे झगे काही तासांत संपले, आणि तेच झगे लगोलग दुप्पट-तिप्पट भावाने इंटरनेटवर विकायला आले. ते पहिल्यांदा विकत घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना झगे घालायचेच नव्हते.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रसंग १२ ऑगस्ट २०२१ चा. सब्यसाची मुखर्जी हे कलकत्त्याचे डिझायनर. नटनट्यांच्या लग्नातले शालू-शेरवानी म्हणजे सब्यसाची, अशी त्यांची ख्याती. त्यांनी एच अँड एमसाठी कपडे काढले, त्यात एक साडी होती ९,९९९ रुपयांची. आमच्या घरात ही रक्कम काही स्वस्त नव्हे, पण ज्यांच्या साड्यांकडे आजवर फोटोतच पाहायचे त्यांची साडी दहा हजारांत, म्हटल्यावर बाकीचे हिशेब कोण करतो? आमच्या महाविद्यालयातल्या दोन तरुण प्राध्यापिका त्या दिवशी मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. हे दुकान आमच्या गावात नाही. पुणे इथून १२० किलोमीटर. त्यांनी साडी निवडली, पत्ता भरला, पैसे भरण्याच्या पानावर गेल्या, तोवर साडी संपलेली. काही मिनिटांचा खेळ! पुढे त्याच वस्तू चढ्या भावाने विकायला काढल्याच्या बातम्याही आल्या. पूर्वी सिनेमाच्या थिएटरबाहेर ‘दस का बीस’ म्हणत फिरणारी पोरे असत. त्यांना निदान पोलिसांची भीती होती.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हस्तकलेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हा सब्यसाचींना एक खुले पत्र लिहिले. नक्षी हिंदुस्थानी कारागिरांच्या परंपरेतली, पण कापड यंत्रावर छापलेले. एवढी मोठी मागणी कारागिरांच्या हातांना काम देण्यासाठी वापरता आली असती, असे त्यांचे म्हणणे. भारतीय डिझाइन जगाच्या नकाशावर नेणे हा आपला हेतू होता, असे सब्यसाचींनी उत्तर दिले. कुणाचे बरोबर, हा वाद मी इथे मिटवायला बसलेली नाही. पण एक विचार मनात आला. हाताने विणलेली वस्तू थोडी असते, कारण हात दोनच असतात आणि दिवस चोवीस तासांचा. यंत्रावर छापलेल्या साडीला असे कोणते बंधन आहे? ती थोडी असते, कारण ती थोडी ठेवायचे कुणीतरी ठरवलेले असते.

हे सगळे वर्तमानपत्रात वाचून सोडून दिले असते. पण गेल्या दिवाळीत ते गावात आले. हमरस्त्यावरच्या एका साखळी दुकानाने (नाव सांगत नाही) मुंबईच्या एका डिझायनरचे ‘सणासाठी खास’ कपडे येणार म्हणून तीन आठवडे आधीपासून फलक लावले. फलकावर एक डाळिंबी अनारकली ड्रेस होता आणि किंमत ३,४९९ रुपये.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक ताई आहेत. पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीत बसतात. यजमान गेल्याला सात वर्षे झाली. एकुलत्या एक मुलीचे पुण्याच्या स्थळाशी जमले होते आणि साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतरचा ठरला होता. मुलाकडची मंडळी सालस, पण जरा शहरी. मुलाच्या बहिणीने बोलता बोलता सहज सांगितले की तिने स्वतःच्या साखरपुड्याला अमुक डिझायनरचा ड्रेस घातला होता. सांगण्यात कुचकेपणा नव्हता. पण ताईंच्या मनात ते रुतून बसले. मग तो फलक लागला. नाव तेच, आणि भाव ताईंच्या आवाक्यातला. त्यांनी साडेतीन हजार रुपये एका पाकिटात वेगळे ठेवले आणि मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही येता का बरोबर? मला एकटीला त्या दुकानात शिरायचं अवघड वाटतं.”

आम्ही नऊ वाजता गेलो. दुकान साडेदहाला उघडायचे होते, आणि तरी आमच्या आधी बरीच माणसे होती. दारावरच्या पोऱ्याने नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या. ताईंची चिठ्ठी एकतिसावी. ऊन चढत होते. बायका आपापसांत ओळखी काढत होत्या. कुणी राहुरीहून पहिल्या एस. टी.ने आली होती, कुणी मुलाला शाळेत सोडून तशीच. रांगेतल्या गप्पांना एक मोकळेपणा असतो. आपण सगळ्या एकाच आशेवर उभ्या आहोत हे प्रत्येकीला ठाऊक असते. दार उघडल्यावर तो मोकळेपणा अर्ध्या मिनिटात संपला. पुढचे चार तरुण एकमेकांना ओळखत होते हे तेव्हा कळले. त्यांनी मापे पाहिली नाहीत, रंग पाहिले नाहीत. हँगरसकट कपडे हातावर घेतले आणि पैसे द्यायला निघून गेले. एका गिऱ्हाइकाला दोन नग असा नियम होता. चौघांनी मिळून तो तंतोतंत पाळला. आम्ही स्टँडपाशी पोहोचलो तेव्हा तिथे तीन ड्रेस होते. तिन्ही सर्वांत लहान मापाचे, आठवीतल्या मुलीला बसतील असे. डाळिंबी नव्हताच.

स्टँडजवळ उभी असलेली मुलगी माझ्याकडे पाहून ओशाळली. तिने तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून मराठी घेऊन बी. ए. केले होते. मी हळूच विचारले, “अगं, एवढे लोक, आणि आले तरी किती होते?” तिने इकडेतिकडे पाहिले. “चोवीस, मॅडम. आमच्या शाखेला चोवीसच आले.” मग जरा थांबून म्हणाली, “फलक सहा आले होते.”

हे गणित मी अजून विसरलेली नाही. चार कपड्यांमागे एक फलक! ती मुलगी सकाळपासून उभी होती. दुकानात कामाच्या मुलींना बसायला स्टूल नाही. लोकांचा राग तिच्यावर निघत होता. एक बाई तर तिला म्हणाल्या की तुम्ही आतल्या आत वाटून घेतले असणार. वास्तविक नोकरांना पहिल्या दिवशी ते विकत घ्यायची परवानगीच नव्हती. ज्यांनी चोवीस हा आकडा ठरवला ते कुठे बसतात हे त्या बाईंना ठाऊक नव्हते, त्या मुलीला ठाऊक नव्हते, आणि मलाही नाही.

बाहेर आल्यावर ताईंनी पाकीट पुन्हा पर्समध्ये ठेवले. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, “जाऊ द्या मॅडम. आपणच लवकर निघायला पाहिजे होतं.”

त्या वाक्याने माझ्या मनाला जे लागले ते त्या ड्रेसपायी नव्हे. दुकानाने माल कमी आणला, आणि ताईंना वाटले की कमी आपण पडलो. ‘आता तुमच्यासाठीही’ असे सांगून दार उघडायचे आणि ते तोंडावर लावताना ‘तुम्हीच उशीर केलात’ असे वाटायला लावायचे! महागड्या दुकानाने असा अपमान कधी केला नव्हता. त्या दुकानाने आपल्याला बोलावलेलेच नव्हते.

रात्री जेवताना मी हे सांगितले तेव्हा सासूबाई हसल्या. त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. म्हणाल्या, “अगं, सवलतीच्या दुकानात मोजके नग आम्हीही पाहिलेत. त्याला आम्ही कंट्रोलचं कापड म्हणायचो.” दुसऱ्या महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली की सरकारने १९४३ मध्ये कापड नियंत्रणाचा हुकूम काढला आणि गिरण्यांना कापडावर किंमत छापावी लागली. तो काळ सासूबाईंच्या आईचा. पुढे १९६० च्या दशकातही गिरण्यांना ठरावीक प्रमाणात स्वस्त कापड काढायला सरकारने लावले. ते सरकारमान्य दुकानांतून मिळे. १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा आमच्या जिल्ह्यात माणसे खडी फोडत होती आणि परदेशी लाल मिलो खात होती, तेव्हाच्या रांगा सासूबाईंनी स्वतः पाहिल्या आहेत. जाडेभरडे कापड, दोनच रंग, धुतले की आटायचे. “पण कार्डावर आपलं नाव असायचं,” त्या म्हणाल्या. “आज मिळालं नाही तर का नाही मिळालं, हे दुकानदाराला विचारता यायचं. तो सांगायचा, माल संपला. पण तुला वर तोंड करून असं नाही म्हणायचा, की बघा, किती भाग्याची वस्तू तुमच्या हातून निसटली!”

मला वाटते, तुटवड्याच्या इतिहासात हा मोठा फरक आहे. तेव्हा तुटवडा ही लाजेची गोष्ट होती. दुकानदार ती पुटपुटत सांगे. आता तीच फलकावर लावतात.

आणि कापडाच्या बाबतीत नगरला हे सांगायचे म्हणजे जरा अतीच आहे! हे गाव मुळात कापडाचे. निजामशाहीत, १४९० नंतर शहर वसले, आणि शहरात व शेजारच्या भिंगारात विणकामाने मूळ धरले. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरांतही लुगडी विणणे हा इथला मोठा धंदा म्हणून नोंदलेला आहे. पद्मशाली समाजाच्या घराघरात माग होते. गिरण्या आणि यंत्रमाग आले, तसे ते माग थंडावले; त्या घरांतल्या कित्येक बायका पुढे विड्या वळू लागल्या. आज कापड बाजारात कापड ढिगाने आहे, पण ते सुरतेहून येते, इचलकरंजीहून येते, आणखी कुठून कुठून येते. नगरचे नग मोजके झाले ते असे, आणि त्याची जाहिरात कुणी केली नाही.

खऱ्याखुऱ्या मर्यादित आवृत्त्या पाहायच्या असतील तर मनमाड रस्त्याला लागावे. राहुरी, राहाता, शिर्डी, कोपरगाव ओलांडले की नाशिक जिल्ह्याची हद्द लागते आणि येवले येते. तिथल्या मागावर पैठणी विणताना पाहिली की ‘लिमिटेड’ म्हणजे काय ते समजते. पदरावरच्या एकेका मोरासाठी, मुनियेसाठी रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. साध्या पैठणीलाही काही आठवडे जातात. पदर भरगच्च असेल तर वर्षसुद्धा. उलटून पाहिली तरी नक्षी तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे येवला-पैठणच्या हातमागाबाहेरच्या कापडाला ते नाव लावू नये अशी कायदेशीर सोय झाली. तरी बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून यंत्रावरची साडी दीड-दोन हजारांत मिळतेच. मी सेमीला नाक मुरडत नाही. ती आपण ‘सेमी’ आहोत हे नावातच कबूल करते, आणि मुख्य म्हणजे ती हवी तेवढी मिळते. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने तर पैठणी घरोघर स्वप्नासारखी नेऊन ठेवली. वहिनींनी उखाणा घ्यायचा, खेळ खेळायचा आणि जिंकली तर पैठणी. तिथेही साडी एकच आणि वहिनी दोन. पण हरणारीला खेळ आधी सांगितलेला असे.

ताईंच्या साडेतीन हजारांत पैठणी बसणार नव्हती. दुसऱ्या रविवारी आम्ही कापड बाजारात एका जुन्या दुकानी गेलो. शेठजींनी गादीवर बसवले, पाणी दिले, आणि मुलीचा रंग, उंची, मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा, सगळे विचारून घेतले. (साखळी दुकानात माझे माप कुणी विचारत नाही, तिथे मापानेच मला विचारायचे असते. साडीचे एक बरे आहे, तिला ‘स्मॉल’ आणि ‘लार्ज’ नसते.) साठ-सत्तर साड्या उलगडून झाल्यावर त्यांनी एक महेश्वरी काढली. सुती-रेशमी, फिकट डाळिंबी, काठ जांभळा. दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा. ताईंनी किंमत विचारली. तीन हजार दोनशे. त्या अजून घुटमळत होत्या. म्हणाल्या, “सुंदर आहे हो. पण नाव नाही ना काही हिला.”

नाव नाही? मग मला राहवले नाही. मास्तरकीची सवय! जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात १७२५ साली एक मुलगी जन्मली, होळकरांच्या घरात गेली, आणि पुढे नर्मदेकाठी महेश्वरला राज्य करू लागली. तिने ठिकठिकाणचे विणकर बोलावून तिथे वसवले. पाहुण्यांना आहेर करायला नऊवारी लुगडी आणि पागोटी लागत, ती तिथेच विणू लागले. किल्ल्यावरच्या कोरीव कामातली नक्षी काठांवर उतरली. पहिल्या लुगड्याचा नमुना बाईसाहेबांनी स्वतः ठरवला असे तिथे सांगतात. मधे तो धंदा पार खालावला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा नावाची संस्था काढली, बायकांना मागावर बसवले, आणि त्याने पुन्हा जीव धरला. आपल्या शहराला आता ज्यांचे नाव आहे, त्यांचीच ही साडी. ताई ऐकत होत्या. शेठजी म्हणाले, “हे मलाबी माहीत नव्हतं. वहिनी, तुम्ही दुकानात बसायला या.” आणि त्यांनी शंभर रुपये कमी केले.

साखरपुड्याला मी गेले होते. मुलगी गोड दिसत होती. मुलाच्या बहिणीने पदर हातात घेऊन पाहिला आणि मनापासून विचारले, “किती छान आहे! कुठल्या डिझायनरची?” ताई पुरणाचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सरळ उत्तर दिले, “आमच्या जामखेडकडच्या आहेत त्या.” त्या मुलीने मोबाइल काढून नाव लिहून घ्यायची तयारी केली, तेव्हा मला पंगतीत हसू आवरेना.

ताईंचे निभावले. पण त्या रांगेत एकतिसाव्यानंतरही माणसे होती, आणि राहुरीची ती पहिल्या एस. टी.ने आलेली बाई काय घेऊन परत गेली, ते मला माहीत नाही. म्हणून मी थोडा कायदा चाळला. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले. त्यात गळाला आमिष लावल्यासारख्या जाहिरातींचा खास उल्लेख आहे. स्वस्त भावाने बोलवायचे असेल तर त्या भावात पुरेसा माल देता येईल अशी वाजवी खात्री हवी, आणि माल कमी असेल तर तसे स्पष्ट सांगायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या विक्रीसाठीही नियम आले. ‘फक्त दोनच शिल्लक, घाई करा’ असे खोटेच सांगून गिऱ्हाइकाला पळवणे, हा त्यात नोंदलेल्या तेरा लबाड्यांतला एक प्रकार. नियम चांगले आहेत. पण आमच्या दुकानाला ते लागू होऊनही होत नाहीत, कारण ‘मोजकेच नग’ हे फलकावर लिहिलेले होतेच! किती, एवढेच लिहिलेले नव्हते. माझे म्हणणे साधे आहे: तो आकडा छापावा. ‘या शाखेत २४’ असे किमतीएवढ्या अक्षरांत लिहावे. मग एकतिसाव्या चिठ्ठीची बाई उन्हात दीड तास उभी राहणार नाही. घरी जाऊन चकल्या तळेल. आकडा छापला की गर्दी होणार नाही, अशी भीती दुकानाला असेल तर आपण विकत काय होतो, हेही त्यांनी एकदा स्वतःला विचारून पाहावे.

यंदाही त्याच दुकानाचे फलक लागले आहेत. डिझायनर दुसरा, ड्रेस मोरपंखी. मी मुद्दाम आत जाऊन व्यवस्थापकांना विचारले, किती नग येणार? तरुण गृहस्थ, बोलणे अदबीचे. म्हणाले, “मॅडम, ते आम्हाला सांगायला परवानगी नाही. पण तुम्ही लवकर या.” परतताना दाराशी ती माझी विद्यार्थिनी भेटली. तिला यंदा बढती मिळाली आहे, आणि स्टूलसुद्धा. तिने माझ्या पिशवीत दिवाळीचे सवलतीचे पत्रक ठेवल्यासारखे केले आणि हलक्या आवाजात म्हणाली,

“मॅडम, यंदा अठराच.”